सहाव्या ‘का’ला रकाना नाही

काळेवाडी
सोमवार, ३ नोव्हेंबर २०२५

समादादा,

तीर्थरूप लिहावं इतका तू मोठा नाहीस आणि नुसतं ‘प्रिय’ लिहिलं तर आई म्हणेल, मावसभावाला असं लिहितात का. म्हणून नावानेच सुरुवात करते. डब्याच्या झाकणाखाली कागद बघून दचकू नकोस, घरी सगळे ठणठणीत आहेत. फोन केला तर तू ‘बरं, ठेवतो’च्या पुढे जात नाहीस आणि मेसेजला अंगठा पाठवतोस. निघोज्याला रोज आईचा डबा जातोच आहे, तर त्यातूनच तुला गाठावं म्हटलं. सरूबाईंना सांगितलं. त्या म्हणाल्या, डबा नेतेच आहे, कागदाचं काय ओझं.

काम असं आहे. सांगवीच्या ऑफिसात आम्ही चौघं दुसऱ्यांसाठी गेम करतो हे तुला माहीत आहे. आता मी घरी बसून स्वतःचा एक करतेय. मारामारी नाही, गाड्या नाहीत. पडद्यावर एक साहेब बसलेला, खाली त्याचं वाक्य, आणि खेळणाऱ्याने तीन उत्तरांतलं एक निवडायचं. उत्तर फसलं की अवघडलेपणाचा काटा चढतो. काटा टोकाला गेला की तुम्ही हरलात. नाव ठेवलंय ‘आत या’. लोकांनी हसून हसून पोट धरलं पाहिजे असा बेत आहे.

अडचण एवढीच की माझा साहेब मला ‘दिव्या, चहा घेणार का’ असं विचारतो. असल्या माणसाला कोण घाबरणार. तुझ्या नानासाहेबांचं मात्र दिवाळीत नुसतं नाव निघालं आणि तू हातातली करंजी ताटात परत ठेवलीस, मी पाहिलंय. मला ते साहेब हवेत. कसे बसतात, काय विचारतात, तुम्ही काय उत्तर देता, सगळं लिहून पाठव.

तुझी दिव्या

*

निघोजे
५ नोव्हेंबर

चि. दिव्या,

पत्र तेलकट झालं होतं, पण वाचता आलं. आधी एक अट. यातलं एक अक्षर व्हॉट्सॅपवर टाकायचं नाही. मे महिन्यात असेंब्लीतल्या एकाने साहेबांवर जोक करून स्टेटसला ठेवला. त्याचा स्क्रीनशॉट केबिनमध्ये पोचला. साहेबांनी त्याला बोलावून तो जोक मोठ्याने, सावकाश, दोनदा वाचला आणि विचारलं, "ह्यात हसायचं कुठं?" तो बिचारा वीस मिनिटं समजावून सांगत होता. पुढच्या आठवड्यात त्याने आपणहून काम सोडलं. तेव्हा कागदच बरा. वाचून झाला की फाडून टाक.

नानासाहेब याच निघोज्याचे. वडिलांची जमीन एमआयडीसीत गेली, हे मशीनवर लागले आणि आज प्लँट हेड आहेत. ओरडत नाहीत, शिवी तर कधीच देत नाहीत. अवघड आहे ते हेच. टेबलावर त्यांचा व्हर्नियर असतो, म्हणजे जाडी मोजायचं माप. आपण बोलत असतो आणि ते हाताला लागेल त्याची जाडी मोजत असतात. बिस्किट, पेनचं टोपण, एकदा तर माझा रजेचा अर्ज. आपलं बोलणं संपलं की ते मान वर करून नुसतं बघतात. आपण दोन मिनिटं उभं राहायचं आणि बाहेर यायचं. परवानगी मिळाली की नाही हे जो तो बाहेर आल्यावर आपापलं ठरवतो.

आणि काही चुकलं तर ‘व्हाय-व्हाय’. छापील फॉर्म असतो, त्यात पाच रकाने. साहेब पाच वेळा ‘का’ विचारतात, प्रत्येक उत्तराच्या पोटातून पुढचा ‘का’ काढतात आणि पाचव्या रकान्यात मूळ कारण लिहितात. मी पाहिलंय, तिथे बहुतेक वेळा सगळ्यांत खालच्या माणसाचं नाव येतं.

डिसेंबरात माझी तीन वर्षं पुरी होतात. पक्कं करण्याचं पत्र साहेबांच्याच सहीने निघतं. गावी परांड्याला आप्पांनी अर्ध्या गल्लीला सांगून ठेवलंय. तोवर मला त्या केबिनमध्ये जायची वेळ येऊ नये, एवढंच मागणं आहे.

मी ज्या लाइनचा लीडर आहे तिथेच सरूबाई पॅकिंगला आहेत, पण बाई घुमी आहे. ‘लीडर, डबा’ म्हणून टेबलावर ठेवते आणि जाते. दोन वर्षांत माझ्याशी दहा वाक्यं बोलली नसेल.

समाधान

*

काळेवाडी
८ नोव्हेंबर

दादा,

तू सोन्याची खाण आहेस. व्हर्नियर वाचून मी खुर्चीवरून पडायची बाकी होते. नमुना बघ.

साहेब: उशीर झाला.
(अ) सॉरी साहेब. — साहेब बिस्किट मोजतात.
(आ) बस पंक्चर झाली होती. — "कुठलं चाक?"
(इ) तुमचा शर्ट छान आहे साहेब. — खेळ संपला.

आतापर्यंत सहा शेवट झालेत आणि सहाही वाईट. एकात तर खेळणारा घाबरून स्वतःच स्वतःला मेमो देतो. साहेबांना मी जाड मिशा काढल्यात. खरंच आहेत का रे त्यांना?

आणि सरूबाई घुमी? आमच्या ओट्यावर बसली की आईला स्वयंपाक सुचू देत नाही. सुनेचं, रेशनचं, बसमधल्या भांडणाचं, सगळं साग्रसंगीत. परवा तिने तुमच्या सुपरवायझरची चाल करून दाखवली तेव्हा आईची फोडणी करपली. तुझ्याशीच बोलत नसेल तर बघ बाबा, तुझंच काही चुकत असेल.

दिव्या

*

निघोजे
१४ नोव्हेंबर

दिव्या,

मिशा नाहीत त्यांना.

लांबण लावत नाही. आमच्या लाइनवर ब्रॅकेट बनतात, उजव्या बाजूचे वेगळे आणि डाव्या बाजूचे वेगळे. दिसायला सारखेच, फक्त भोक विरुद्ध अंगाला. सोमवारी उजव्यांच्या खोक्यात चाळीस डावे गेले. ते ज्या कंपनीत गेले तिथे दोन तास लाइन बंद पडली. शनिवारी, २९ तारखेला माझं व्हाय-व्हाय आहे. समोर साहेब.

तुझा तो गेम मला खरोखर हवा आहे, गंमत म्हणून नाही. हाच प्रसंग घालून दे, म्हणजे मी रोज संध्याकाळी खोलीवर तयारी करीन. इथपर्यंत मला दिसतंय:

उलटा ब्रॅकेट खोक्यात का गेला? — पॅकिंगला कुणी पाहिलं नाही.
पॅकिंगपर्यंत पोचलाच का? — भोकाची बाजू तपासणाऱ्या सेन्सरने अडवला नाही.
सेन्सरने का अडवला नाही? — बंद होता.

पुढचं तू काहीतरी रच. मी पॅकिंगवर भर देईन म्हणतो. तसं केलं तर पाचव्या ‘का’पर्यंत वेळ येणार नाही.

डबा काही दिवस बसड्रायव्हर चिमाजी आणतील. सरूबाई रजेवर आहेत.

समाधान

*

काळेवाडी
१७ नोव्हेंबर

दादा,

गेम तयार आहे. दोन रात्री बसून केलंय. लिंक वेगळी पाठवते, नाव ‘भाजीचे दर’ ठेवलंय म्हणजे कुणी उघडणार नाही.

पण मी एका जागी अडकले. साहेबांनी चौथ्यांदा विचारलं, सेन्सर बंद का होता? इथे तीन उत्तरं हवीत आणि मला एकही लिहिता येत नाही, कारण तू मला सांगितलेलंच नाहीस. सेन्सर आपोआप बंद पडतो का? पडत असेल तर तसं लिही. कुणी केला असेल तर कुणी केला ते लिही. गेम लिहिताना ही मोठी गैरसोय असते दादा, जिथे लिहिणाऱ्याने टाळलंय तिथेच नेमका खेळ थांबतो.

सरूबाईंना काय झालंय? रजा घेणारी बाई नाही ती. सुनेच्या बाळंतपणातसुद्धा कामावर गेली होती.

दिव्या

*

निघोजे
१९ नोव्हेंबर

दिव्या,

तुला गेम करायला सांगितला होता, चौकशी करायला नाही.

सेन्सर साहेबांच्या सांगण्यावरून बंद केला. वाटेल तेव्हा लाइन थांबवत होता, मी केबिनमध्ये जाऊन त्यांना सांगितलं, त्यांनी परवानगी दिली. आता हे त्यांच्याच तोंडावर कसं सांगू? सांगितलं तर पक्कं व्हायचं विसरायचं. म्हणून चौथ्या प्रश्नाला ‘कंपनामुळे वायर सैल झाली’ असं घाल. खोटं असलं तरी कुणाला त्याचा त्रास नाही.

सरूबाईंचं मला नक्की माहीत नाही. कंत्राटदाराचं काहीतरी असेल.

मावशीला सांग, भाजीत तिखट कमी चालेल. हल्ली पोटात जळजळतं.

समाधान

*

काळेवाडी
२२ नोव्हेंबर

समाधान,

आज दादा म्हणवत नाही.

काल मी सरूबाईकडे गेले होते. आमच्यापासून दोन गल्ल्या पलीकडे राहते. भर दुपारी दार लावून, पाय पोटाशी घेऊन बसली होती. तेरा तारखेला गेटवर तिचा पास काढून घेतला. कारण काय, तर पॅकिंगने माल पाहिला नाही. तुझ्या फॉर्मवरचं पहिलंच उत्तर. तुझी तयारी पुरी व्हायच्या आत तिचा निकाल लागलासुद्धा. आणि तू मला लिहितोस, रजेवर आहे. मग लिहितोस, कंत्राटदाराचं काहीतरी असेल. मग लिहितोस, कुणाला त्याचा त्रास नाही.

तुझी पत्रं तीच बाई आणत होती रे. झाकण घट्ट बसावं म्हणून वरून रबर लावून, मांडीवर धरून, पंक्चर झालेल्या बसमधून.

मी तिला विचारलं, समाधानदादाशी बोललीस का. तिने नुसतं ‘न्हाई’ म्हटलं आणि चहा ठेवायला उठली. तुझ्याबद्दल वाईट शब्द काढला नाही, हे मुद्दाम लिहिते.

गेममध्ये सैल वायर घातली आहे, तुला हवी तशी. पण केबिनच्या काचेतून बाहेरचं बाकडं दिसतं असंही केलंय, आणि बाकड्यावर सरूबाई बसलेली आहे. तू कुठलंही उत्तर निवडलंस तरी ती दिसणार. तिला काढायची सोय ठेवलेली नाही.

दिव्या

*

निघोजे
२४ नोव्हेंबर

दिव्या,

काल अकरा वेळा खेळलो. सैल वायर निवडली की साहेब ‘बरं’ म्हणतात आणि मी सुटतो. मग पडद्यावर बाकड्यावरची सरूबाई राहते.

आता खरं लिहितो. वाचून आई-मावशीला सांगू नकोस.

त्या सोमवारी सेन्सर दर दहा मिनिटांनी उगीच लाइन अडवत होता. मी केबिनमध्ये गेलो. साहेब दिवाळीतली चकली मोजत होते. मी म्हटलं, "साहेब, सेन्सर सारखा अडवतोय, टार्गेट राहील, तर तो मग..." आणि पुढे माझ्या तोंडून शब्दच निघेना. ‘बंद करू का’ एवढे तीन शब्द. साहेबांनी मान वर करून पाहिलं. मी दोन मिनिटं उभा राहिलो आणि बाहेर आलो. बाहेर आल्यावर मीच ठरवलं की परवानगी मिळाली.

सेन्सरसमोर पत्र्याचा तुकडा चिकटवला की त्याला सगळं ठीक वाटतं. तो मी चिकटवला. ब्रॅकेट ठेवायच्या बिनच्या तळाशी आधीच्या बॅचचे डावे राहिले होते, ते मी पाहिले नाहीत. साहेबांनी सांगितलं असं तुला लिहिलं ते खोटं होतं. खरं तर ते खोटं मी आधी स्वतःला सांगितलं, तुला नंतर.

सरूबाईंचा पास काढला तेव्हा मी गेटपासून वीस पावलांवर होतो. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी हातातल्या रजिस्टरमध्ये बघत राहिलो. त्यानंतर मला नीट जेवण जात नाही.

शनिवारी काय बोलेन ते माहीत नाही. मला भीती वाटते, दिव्या. तीस वर्षांचा माणूस एका व्हर्नियरवाल्याला घाबरतो हे लिहायला लाज वाटते, पण वाटते खरी.

समाधान

*

काळेवाडी
२६ नोव्हेंबर

दादा,

पत्र चारदा वाचलं. राग गेला नाही, पण तुला एकटं सोडवतही नाही.

पाचव्या ‘का’ला, म्हणजे साहेबांच्या ‘मला विचारलं का नाहीस’ याला, मी दोन उत्तरं लिहिलीत. (अ) वेळ नव्हता. (आ) विचारलं होतं. (इ) रिकामं ठेवलंय. खरं उत्तर तुझ्या पत्रातच आहे, ते मी उचलून घालू शकले असते. पण त्यावर साहेब काय म्हणतील हे मला रचता येईना. विनोदी करून पाहिलं, हसू येईना. साहेबांना भडकवून पाहिलं, तर ते साहेब वाटेनात. मी हे लिहू शकत नाही. ते वाक्य तू तिथून आण.

आईला पोटाचं सांगितलं. यापुढे डब्यात ताक येईल.

दिव्या

*

निघोजे
शनिवार, २९ नोव्हेंबर

दिव्या,

घाईत लिहितोय, अक्षर समजून घे.

अकराला बोलावलं. आत आम्ही दोघंच. काचेतून बाहेरचं बाकडं दिसत होतं. रोज असतं, पण आज ते रिकामं आहे हे मला दिसलं. पहिल्या ‘का’ला माझ्या तोंडावर पॅकिंग आलं होतं. मी ते गिळलं आणि म्हटलं, साहेब, पॅकिंगपर्यंत तो पोचायलाच नको होता, तिथून सुरू करू. त्यांनी बिस्किट उचललं आणि मोजायला घेतलं. दुसरा झाला. तिसरा झाला. चौथ्याला मी सांगितलं, सेन्सर मी बंद केला, पत्रा लावून. सरूबाईंचा त्यात काही संबंध नाही.

मग त्यांनी विचारलं, "मला इचारलं का न्हाईस?"

तुझं (अ) डोळ्यांसमोर होतं, (आ) पण होतं. दोन्ही सोडली. मग म्हटलं, "भीती वाटली, साहेब."

"कुनाची?"

"तुमची."

व्हर्नियर थांबला. मला वाटलं आटोपलं आपलं. ते म्हणाले, मी कधी शिवी दिली का तुला. म्हटलं, नाही साहेब. कधी हात उगारला का. नाही.

"मंग का?"

हा सहावा होता. फॉर्ममध्ये त्याला रकाना नाही, त्यामुळे मी तयारीही केली नव्हती. जे होतं ते बोललो. "तुम्ही काही बोलत नाही, साहेब. नुसतं बघता. मी अर्धंच वाक्य बोलून बाहेर आलो आणि उरलेलं तुमच्या नावावर खपवलं."

त्यांनी बिस्किट खाली ठेवलं. मग व्हर्नियर मिटून ड्रॉवरमध्ये ठेवला, माझ्या हातातला फॉर्म ओढून घेतला आणि पाचव्या रकान्यात स्वतःच्या अक्षरात लिहिलं: ‘प्लँट हेडला विचारायची भीती.’ उपायाच्या रकान्यात थांबले, मग ‘बोलणे’ एवढंच लिहिलं. जबाबदार व्यक्ती, तिथे स्वतःचं नाव. शेवटचा रकाना असतो, उपाय कधी पूर्ण होणार त्याची तारीख. तिथे पेन टेकवून त्यांनी मला विचारलं, "किती दिस लागत्याल?" चेष्टा करत नव्हते, खरंच विचारत होते. म्हटलं, माहीत नाही साहेब. त्यांनी तो रिकामा सोडला.

मग म्हणाले, पत्रा तूच चिकटवलास, तुझं पक्कं करायचं पत्र सहा महिने पुढं. तवा बघू. आणि बाईला मंगळवारी कामावर बोलाव, गेटवर माझं नाव सांग.

सवयीने मी उठून चालू लागलो होतो. दारातून परत वळलो आणि विचारलं, "साहेब, मी जाऊ का?" अख्खं वाक्य. ते म्हणाले, "जा."

आप्पांना सहा महिन्यांचं कसं सांगू ते सुचत नाही. ते ऐकल्यावर आप्पा आठवडाभर पारावर जाणार नाहीत. पण आज ताक न पिता जेवलो.

समाधान

*

काळेवाडी
३ डिसेंबर

दादा,

काल सरूबाई कामावरून रिकामा डबा घेऊन आली आणि नेहमीसारखी ओट्यावर टेकली. आई तिला पाहून रडली. मी तुझं शनिवारचं पत्र तिला वाचून दाखवलं. तुझी परवानगी घेतली नाही, पण ते तिचंही होतं असं मला वाटलं.

व्हर्नियर ड्रॉवरमध्ये गेला तिथे ती हसली. पुढे ‘तुम्ही नुसतं बघता’ हे तुझं वाक्य आलं आणि तिचं हसू गेलं. म्हणाली, परत वाच. मी परत वाचलं. मग ती पदराशी खेळत बोलू लागली. जे बोलली ते तसंच लिहिते, कारण तू साहेबांचं तसंच लिहिलंस.

"त्या दिवशी दोन ब्रॅकेट माझ्या हातात आले व्हते. भोक उलट्या अंगाला. मला कळलं व्हतं गं. पर लाइन थांबवायची म्हंजी लीडरला हाक मारायची. त्याच्याकडं बघितलं आन् टाकले खोक्यात."

मी विचारलं, का?

"भ्या वाटलं त्याचं."

तो ओरडतो का तुमच्यावर, मी विचारलं. म्हणाली, "न्हाई गं. चांगलं पोरगं हाय. पर बोलतच न्हाई काई. नुसता बघतो."

दादा, मला हे तुला लिहायचं नव्हतं. तू शनिवारी जे केलंस त्याचा मला अभिमान वाटतो, सहा महिन्यांचं वाईटही वाटतं, आणि वर हे पाठवणं जिवावर येतं. पण तू माझ्यापासून तिचं लपवलंस तेव्हा काय झालं ते आपण पाहिलं, म्हणून लपवत नाही. तिने हे अजून कुणाला सांगितलेलं नाही. तुला सांगू का विचारलं, तर म्हणाली, तूच लिही, माझ्याच्यानं व्हायचं न्हाई.

गेमचं काम थांबलंय. साहेबांचं चित्र मी तीनदा काढलं होतं, मिशांचं, बिनमिशांचं. काल चौथ्यांदा काढायला बसले आणि तसाच कागद ठेवून दिला.

दिव्या

*

निघोजे
रविवार, ७ डिसेंबर

दिव्या,

तुझं पत्र गुरुवारी, आमच्या आठवड्याच्या सुट्टीला वाचलं आणि दिवसभर खोलीवर बसून राहिलो. संध्याकाळी भिंतीवरच्या आरशात बघितलं. गप्प असताना माझा चेहरा कसा दिसतो हे मी कधी पाहिलंच नव्हतं. जास्त वेळ बघवलं नाही.

शुक्रवारी पाळी सुरू व्हायच्या आधी पॅकिंगच्या टेबलाशी गेलो. गेटवर मी रजिस्टरमध्ये बघत होतो त्याची माफी मागितली. ब्रॅकेटचं पत्रात वाचलं हेही सांगितलं. म्हटलं, पुढच्या वेळी हाक मारा. सरूबाई म्हणाल्या, "लीडर, डबा," आणि डबा पुढे केला. मला वाटलं, हे काही जमायचं नाही.

काल दुपारी दोनच्या सुमाराला त्यांनी हाक मारली. ब्रॅकेट वर धरून, लांबून, सगळ्या लाइनला ऐकू जाईल अशी. लाइन थांबवली. मी गेलो, ब्रॅकेट हातात घेतला, उलटासुलटा करून पाहिला. उजवाच होता. भोक जिथे हवं तिथेच होतं. नुसता वंगणाचा डाग होता. टार्गेटची चार मिनिटं गेली, आणि मी मान वर करून बघितलं असणार, कारण त्यांचा हात मागे गेला. मला वाटतं आरशातला तोच चेहरा झाला होता.

मग त्या म्हणाल्या, "तोंड नीट करा, समाधानराव. आन् मग सांगा बरोबर हाय का चूक."

लाइनवरच्या बायका हसल्या. मलाही हसू आलं, पण उशिरा. म्हटलं, बरोबर आहे, आणि थांबवलीत तेही बरोबर. माझ्या मोजणीप्रमाणे दोन वर्षांतलं हे त्यांचं अकरावं वाक्य.

तेवढ्यात थांबलेली लाइन बघून साहेब खाली आले. हातात व्हर्नियर नव्हता, त्यामुळे हाताचं काय करावं हे त्यांना कळत नव्हतं. का थांबली म्हणाले. मी तोंड उघडायच्या आत सरूबाई म्हणाल्या, मी थांबवली. साहेब बघत राहिले. ती दोन मिनिटं आम्ही सगळे उभे होतो. तू असतीस तर तुझा काटा फुटला असता. मग त्यांनी खाकरून "बरं केलं" म्हटलं आणि गेले. फॉर्म अजून क्वालिटीच्या फाइलीत आहे, तारीख रिकामीच आहे.

आप्पांना फोन करून सहा महिन्यांचं सांगितलं. ‘बरं, ठेवतो’ न म्हणता सगळं सांगितलं.

गेम पुरा कर. मिशा नकोत, व्हर्नियरही नको. साहेबांच्या खुर्चीवर माझं चित्र काढ, फोटो सोबत पाठवतोय, गप्प असतानाचा आहे. समोर उभं राहायला सरूबाईंना घे. आणि पहिली खेळी त्यांनाच खेळू दे.

समाधान